मास्तरांचा दात आणि डॉक्टरांचा कोट

बाजाराच्या मागच्या गल्लीत मास्तरांचं दुकान होतं. मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत, शिवणारे. हाताला अशी सफाई, की त्यांनी शिवलेला शर्ट एकदा अंगात घातलेला माणूस पुन्हा दुसऱ्या शिंप्याची पायरी चढत नसे. पण कुणाला ‘नाही’ म्हणणं त्यांना या जन्मात जमलं नव्हतं. समोर कपड्यांचा डोंगर असो, मशीन रुसलेलं असो, कुणी कापड पुढे केलं की मास्तर हसून ते घ्यायचे आणि ठरलेल्या दिवशी गिऱ्हाईक आलं की तितक्याच गोड आवाजात म्हणायचे, “उद्या या ना. उद्या नक्की.”

शिवाय दोरा दातांनी तोडायची खोड. कात्री मांडीला टेकलेली असायची, तरी मास्तर मान खाली घालून कच्चकन दोरा तोडायचे. आतल्या बाजूला बसून काजं करणारी त्यांची बायको म्हणायची, “अहो, ती कात्री काय शोभेला ठेवलीय?”

“हातातलं काम सोडून कात्री कोण शोधणार?” मास्तर म्हणायचे.

त्या दुपारी ते एका जाड ओव्हरकोटाला बटणं लावत होते. दोरा नायलॉनचा, दुहेरी, वरून मेण लावलेला. मास्तरांनी नेहमीसारखी मान खाली घातली, दोरा समोरच्या दातात धरला आणि हिसका दिला. कट्ट! दोरा जागच्या जागी आणि वरचा दात अर्धा गायब.

आधी त्यांना काही कळलंच नाही. मग त्यांनी “अगं” म्हणायला तोंड उघडलं, उघड्या दाताला वारा लागला, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते ताडकन उठले, खुर्ची पडली, इस्त्री पडता पडता वाचली.

“काय झालं? सुई टोचली का?” बायको धावत आली.

मास्तरांनी तोंडावर हात ठेवून दुसऱ्या हाताने जमिनीकडे बोट दाखवलं. खुर्ची पडताना बटणांचा डबाही कलंडला होता आणि शर्टाची शेकडो पांढरी बटणं फरशीभर पसरली होती. त्यांत कुठेतरी मास्तरांचा दात होता.

शेजारचा सलूनवाला हातातला वस्तरा तसाच घेऊन आला. त्याच्यामागून अर्ध्या गालाला फेस लावलेलं त्याचं गिऱ्हाईकही आलं. “तुकडा शोधा, वहिनी,” गिऱ्हाईक म्हणालं, “हल्ली चिकटवून देतात म्हणे.” तिघंही गुडघे टेकून शोधू लागले. सलूनवाल्याने मधेच उठून मास्तरांना लवंग चावायला सांगितली. चावायची कशाने, हे मात्र त्याने सांगितलं नाही. मग कुणीतरी बर्फ आणून दिला. मास्तरांनी तो दाताला लावला आणि असे काही किंचाळले की पलीकडच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं.

शेवटी दातासारखे दिसणारे तीन तुकडे वाटीत घेऊन बायको म्हणाली, “चला. कोपऱ्यावरच तर दातांचा दवाखाना आहे.”

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. “टिते नाही!”

“का नाही?”

तोंडावर हात असल्यामुळे कारण सांगता येत नव्हतं, आणि हात नसता तरी सांगितलं नसतं. त्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी भाचीच्या लग्नात घालायला म्हणून त्यांच्याकडे कोटाचं उंची कापड दिलं होतं. भाचीचं लग्न होऊन गेलं. कापडाला अजून कात्री लागली नव्हती. डॉक्टर चांगले, कधी आवाज चढवला नाही, पण मास्तर अलीकडे कोपरा आला की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचे. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तिने त्यांचा दंड धरला आणि सरळ चालू लागली. मास्तरांच्या गळ्यात टेप लोंबत होती, बोटात शिवणाचं टोपण तसंच होतं.

दवाखान्यात टेबलामागे बसलेल्या बाईंनी वही चाळली. “आज डॉक्टरांना अजिबात वेळ नाही हो. उद्या या ना.”

हे शब्द इतके जीवघेणे असतात हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. बायको मात्र टेबलावर वाटी आपटून म्हणाली, “उद्यापर्यंत यांनी तोंड मिटून बसायचं का? वारा लागला तरी नाचतात ते! दाखवा हो यांना.” मास्तरांनी तोंड उघडलं आणि खरंच नाचले.

आवाज ऐकून आतलं दार उघडलं. “कोण आहे? अरे, मास्तर!” डॉक्टर म्हणाले. “या या, आधी यांना घेतो. नस उघडी पडलीय, थांबून चालायचं नाही.”

मास्तर खुर्चीत बसले. खुर्ची मागे मागे जात त्यांचे पाय डोक्याच्या वर गेले. डॉक्टरांनी आधी वाटी उजेडात धरली. “हे बटण आहे. हेही बटणच. आणि हा तुमचा कापडावर खुणा करायचा खडू. दात नाही यात. असू दे, नवा बसवू.” मग त्यांनी इंजेक्शन हातात घेतलं आणि अगदी सहज विचारलं, “काय मास्तर, कोट झाला का?”

मास्तरांच्या तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं होती. “आं,” ते म्हणाले.

“झाला?”

“आं आं.”

“म्हणजे नाही झाला.” सुई आत गेली. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “भाचीला मुलगा झाला हो. परवाच त्याला पहिला दात आला.”

दाराशी उभी असलेली बायको डोळे मोठे करून म्हणाली, “कसला कोट?”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

पण डॉक्टरांच्या मनात काही नव्हतं. दुखू लागलं की हात वर करायला त्यांनी सांगितलं होतं, आणि मास्तरांनी भीतीने उगाचच हात वर केला तरी ते दर वेळी थांबले. नस काढून झाल्यावर ते म्हणाले, “आज नुसती कच्ची शिलाई घातलीय. दोन-तीनदा यावं लागेल. पक्कं बसलं की वरून टोपी चढवू. तोवर पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. समजलं?”

समजलं, असं मास्तरांनी मानेने सांगितलं. ओठ बधिर झाला होता आणि तो आपला आहे की उसना आणलाय हेही कळत नव्हतं. उठताना त्यांची नजर डॉक्टरांच्या पोटावर गेली. जुनं माप आता काही कामाचं नव्हतं. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि तिथल्या तिथे डॉक्टरांना हात वर करायला लावले.

“बवं धालं, कोट धिवला नाही,” मास्तर म्हणाले. “घट्ट धाला अथता.”

काही न कळल्यामुळे डॉक्टरांनी मनापासून आभार मानले.

घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही, आणि घरी आल्यावर थांबली नाही. त्या भल्या माणसाला किती खेपा घालायला लावल्या, तोंड चुकवत कसे फिरता, सगळं निघालं. मास्तर बधिर ओठांनी ऐकत राहिले. संध्याकाळी तिने मऊ भात केला आणि दोघं जेवायला बसली. मास्तरांना आज बोलता येत नव्हतं, म्हणून असेल कदाचित, पण ते बायकोकडे बघत होते. ती घास एकाच गालात घेत होती. दुसरा गाल अजिबात हलत नव्हता.

“तुझ्या दाढेला काय झालंय?” त्यांनी विचारलं. जीभ आता थोडी वळू लागली होती.

“काही नाही. दुखते जरा.”

“कधीपासून?”

“दिवाणखान्याचे पडदे शिवले ना आपण, तेव्हापासून.” ती ताटाकडे बघत म्हणाली. “मला सुईची भीती वाटते हो.”

दिवसभर सुई हातात असणारी ही बाई! मास्तरांना हसू आलं, पण ते गिळलं. पडदे शिवून महिने लोटले होते. रोज समोरासमोर बसून जेवत होती दोघं.

“सकाळी जाऊ,” ते म्हणाले. “मी येतो बरोबर.”

सकाळी दुकान बंद ठेवून ते तिला घेऊन गेले. ती खुर्चीत बसली, आडवी झाली आणि डॉक्टर पुढे वाकताच तिने मास्तरांचा हात पकडला. इतका घट्ट, की बोटं पांढरी पडली.

“मास्तर, तुम्ही जरा बाजूला सरकता का?” डॉक्टर म्हणाले. “मला तिकडून दिवा घ्यायचाय.”

“सोडत नाही ती,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी एकवार दोघांकडे बघितलं, वळसा घालून दिवा दुसऱ्या बाजूने ओढला आणि कामाला लागले.