एलियाबाबूंचा कठडा

गेल्या महिन्यात अलिबागहून पोस्टकार्ड आलं. चष्मा सापडेना, म्हणून चक्कीतच ते माझ्या मुलीनं, शांतीनं वाचून दाखवलं. एलियाबाबू गेले... मलकापूर स्टेशनातले मालाचे कारकून. धर्मानं यहुदी, गाव कोकणातलं आणि मराठी आम्हा वऱ्हाड्यांना लाजवील अशी.

साठ सालची गोष्ट. राज्य नवं होतं, गावात वीज नवी होती आणि माझी पिठाची चक्कीही नवी. मोटरीचा पट्टा सरसर फिरू लागला की माझी छाती फुगायची. एलियाबाबू दळण शुक्रवारीच आणायचे, कारण शनिवारी त्यांच्या घरी चूलसुद्धा पेटत नसे. एकदा गव्हाचा डबा खाली ठेवून ते पट्ट्याकडेच बघत राहिले. म्हणाले, "किसनभाऊ, आमच्या धर्मशास्त्रात आहे, नवं घर बांधलं की धाब्याला, म्हणजे सपाट छताला, कठडा घालावा. कुणी पडलं तर दोष घरधन्याला. तुम्ही या पट्ट्याला घाला."

मी हसलो. "बाबू, तुमच्या पोथीत चक्की कुठी हाय? तवा वीज तरी होती काय?"

पुढच्या शुक्रवारी हा पन्नाशीचा माणूस स्टेशनापासून जवळजवळ पळतच आला. डबा घरीच विसरलेला, पोथी मात्र छातीशी. "सापडलं, किसनभाऊ!" त्यांच्या जुन्या पंडितांनी हाच वाद शेकडो वर्षांपूर्वी घातला होता म्हणे. नियम काय फक्त धाब्याचा? नाही. घरात मोडकी शिडी ठेवू नये, चावरं कुत्रं ठेवू नये... बाबूंचा चेहरा असा फुललेला, की जणू ते पंडित सकाळच्या पॅसेंजरनं मलकापुरात उतरले असावेत. माझी पंचाईत झाली, कारण चक्कीच्या भिंतीला मोडकी शिडी टेकलेली होती आणि दाराशी बांधलेलं कुत्रं तालुक्यात बदनाम होतं. त्यांचा आनंद मलाही लागला. मी त्याच दिवशी रहीमचाचा सुतारांना बोलावलं. उजवीकडून उघडणारी पोथी बघून चाचांनी विचारलं, "अरबी है क्या बाबू?" इब्रानी, म्हणजे हिब्रू, आहे म्हटल्यावर म्हणाले, "किताब में लिक्खा है तो मजबूतच बनाना पडेगा," आणि कडुलिंबाचं लाकूड ठरलेलं असताना कठड्याला सागवान लावलं.

पंधरा दिवस झाले नसतील. सहा वर्षांची शांती मांजरामागे धावत आली, सांडलेल्या पिठावरून घसरली आणि कठड्यावर कपाळानं आदळली. टेंगूळ आलं, रक्त आलं. मी रागानं कठड्यालाच शिव्या घालू लागलो. बायको पोरीला उचलून म्हणाली, "त्याले काऊन बोलून राह्यले? तिकडं पट्टा पाहा ना."

पाहिलं. पट्टा वीतभर पलीकडे फिरत होता.

त्या दिवशी शनिवार होता. मी पिठानं माखलेला तसाच बाबूंच्या घरी धावलो. सगळं ऐकून ते आधी हसले, मग रडले. मीही रडलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "शिडीचं काय केलंत?"

शिडी त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली. पुढं त्यांची बदली झाली, बाबू गाव सोडून गेले, पण नवं काहीही घरात आणलं की मी आधी त्यांना पत्र टाकायचो आणि उत्तर चार पानी यायचं.

पोस्टकार्ड वाचताना शांती त्याच कठड्याला टेकून उभी होती. कपाळावरचा व्रण अजून दिसतो. तिचा पदर ओघळून सागवानावर अडला. पलीकडे पट्टा चालूच होता.