शेतात पुरलेली बायोप्सी

“पुरली की शेतात,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. अगदी शांतपणे.

मी खुर्चीतून उठलेच. “बायोप्सीची बाटली पुरली?”

“व्हय. लेकाच्या अंगाचा तुकडा हाय त्यो. आमच्यात जाळत न्हाईत, मातीलाच देत्यात. इबूती लावून रीतसर पुरली.”

मी सोलापुरात नाक-कान-घशाची डॉक्टर. गुरुसिद्धप्पा अक्कलकोटकडचे, सत्तरीचे. त्यांचा मुलगा मल्लिनाथ माझा पेशंट. त्याचं एकाच बाजूचं नाक बंद, मधूनच रक्त. ‘मांस वाढलंय’ म्हणून गावात नाकात थेंब घालणं चालू होतं. दोन्ही बाजूंना मांस वाढलं तर बहुधा ॲलर्जी असते. एकाच बाजूला वाढलं की आम्हाला गाठीची शंका येते. सीटी स्कॅनमध्ये गाठ पार वर, मेंदूखालच्या पातळ हाडाला भिडलेली दिसली. तपासणीसाठी तुकडा घेताना इतकं रक्त गेलं, की थांबवता थांबेना. तो तुकडा टिकवणाऱ्या औषधात बुडवून बाटली गुरुसिद्धप्पांच्या हाती दिली. लॅबला नेऊन देतात ते नातेवाईकच, अशीच आमच्याकडची पद्धत. रिपोर्ट येईना म्हणून मी लॅबला फोन केला, तर उत्तर आलं, “मॅडम, सॅम्पल आलंच नाही.”

“बाबा, लॅबला न्यायला सांगितलं होतं ना?”

“सांगितलं की. पर तुमी रोग काढला न्हवं? काढल्यावर आनि काय तपासायचं त्यात?”

रोग होता तिथंच होता. आम्ही काढला होता चिमूटभर तुकडा! नाकातल्या गाठी दिसायला सारख्या, पण काही कापाव्याच लागतात आणि काहींना औषधंच लागू पडतात, कापून उपयोग नसतो. गाठीची जात कळल्याशिवाय हात कसा घालायचा? पुन्हा तुकडा घ्यायचा, तर पुन्हा तेवढंच रक्त.

“उकरून आणा,” मी म्हणाले.

“पुरलेलं उकरत न्हाईत, बाई.” त्यांनी हात जोडले.

मल्लिनाथची बायको शांता इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “मामा, तुकड्याला येवढं जपताय. उद्या माणूसच मातीत घालायची येळ आली मग?”

म्हाताऱ्यानं टोपी घातली आणि तो एसटी स्टँडकडे निघाला.

संध्याकाळी बाटली माझ्या टेबलावर होती. बाहेरून चिखल, झाकणावर भस्माची बोटं. आत औषध जसंच्या तसं. झाकण इतकं घट्ट लावणाऱ्या सिस्टरचे मी मनापासून आभार मानले.

रिपोर्ट आला. वासाच्या नसांपासून उगवणारा कॅन्सर. इतका दुर्मिळ, की मी तोवर फक्त पुस्तकात वाचला होता. न्यूरोसर्जनला सोबत घेऊन ऑपरेशन केलं, मग रेडिएशन दिलं. मल्लिनाथला आता वास येत नाही. पण तो रोज आपल्या दुकानात बसतो, आणि बोलावलं की तपासणीला येतो.

बाटली कुठं न्यायची ते आम्ही सगळ्यांना सांगत होतो. कशासाठी, ते कुणालाच सांगत नव्हतो. आता सांगतो, “रोग अजून कळलेला नाही, तो या बाटलीतून कळणार आहे.” एवढं सांगूनही बाटली मात्र आमचाच माणूस नेतो.