खोक्यातली गाडी आणि मास्तरांचे पाय

परवा नातीने मला खोलीत बोलावून तिची नवी रेसिंगची गेम दाखवली. खास खुर्ची, स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल.

"आजी, ही तुझ्या त्या जुन्या खेळासारखी पोरकट नाही. यात टायर झिजतात, पेट्रोल संपतं. वळणावर ब्रेक नाही मारलास तर गाडी खरोखर घसरते."

मी बसले. पहिल्याच वळणावर ब्रेक न मारता गेले आणि भिंतीवर आपटले.

"मुद्दाम केलंस ना?"

"हो."

टायर झिजणं आणि पेट्रोल संपणं ही सुखं मी आयुष्यभर रस्त्यावर भोगली. ती आता खुर्चीत बसून पुन्हा कशाला भोगू? गेम खरीखुरी हवी असं म्हणणाऱ्या माणसांनी माझ्यापुढे जरा जपून बोलावं. खरं काय आणि खोटं काय, याचा निकाल माझ्यापुरता बोरीवलीत लागला. ऐंशीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं.

माझे सासरे जन्मभर एका साहेबाचे ड्रायव्हर. साहेब मुंबई सोडून गेला तेव्हा जुनी निळी गाडी त्यांनाच देऊन गेला. पण तोवर सासऱ्यांचा डावा गुडघा गेला होता, क्लच दाबता येईना. आमचे हे सायकललासुद्धा घाबरायचे. गाडी सोसायटीच्या आवारात ताडपत्री पांघरून उभी. चेंबूरला राहणाऱ्या माझ्या दिरांकडे मात्र लायसन होतं. दर रविवारी यायचे, ताडपत्री उचलून बघायचे आणि म्हणायचे, "सडतेय हो बाबा. मी नेतो."

एका रविवारी सासऱ्यांनी मालवणीत निकाल दिला. "ज्याका चलवक येता, त्याची गाडी. दसऱ्यापर्यंत ह्या घरात कोण शिकला नाय, तर ती चेंबुराक."

मी गवार मोडत होते. म्हटलं, "मी शिकते."

भावजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. तेही मीच दिलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. रोज सकाळी अर्धा तास. मास्तर डावीकडे बसायचे, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. "तो अडीअडचणीला," ते म्हणाले. मी काय, विश्वास ठेवला. आठ दिवसांत माझी गाडी लोण्यासारखी चालायला लागली. ना धक्का, ना हिसका. "बाई, हात मऊ आहे तुमचा," मास्तर म्हणायचे, आणि मी घरी येऊन तो मऊ हात भाकरी थापताना स्वतःच बघत बसायचे.

संध्याकाळी माझी अकरा वर्षांची लेक मला व्हिडिओ गेम पार्लरमध्ये घेऊन जायची. फरसाणाच्या दुकानाशेजारी, दाराला काळा पडदा. आत एक मोठं खोकं होतं, त्याला स्टिअरिंग, एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर, आणि गियर फक्त दोन. क्लच नाहीच. टोकन टाकलं की समुद्राकाठचा रस्ता सुरू, दोन्ही बाजूंना माड. ठरलेल्या वेळात पुढचं नाकं गाठायचं, नाहीतर खेळ खलास. मी चप्पल काढून, साडीचा काठ वर खोचून बसायचे. कॉलेजची पोरं आधी खिदळली. मग माझा नंबर लागला की गप्प उभी राहायला लागली, कारण मी ब्रेकला शिवतच नव्हते. आपटायचे मात्र भरपूर. ट्रकला, माडाला, जाहिरातीच्या फलकाला. गाडी कोलांट्या खायची आणि तीन सेकंदांत पुन्हा रस्त्यावर उभी.

यावरून तेव्हाच्या त्या शहाण्या बाईने काय निष्कर्ष काढला? की खऱ्या गाडीत आपण उस्ताद आहोत आणि हे खोकं खोटं आहे. लेकीला सांगितलंसुद्धा, "आता पुरे. खऱ्या ड्रायव्हरला असली खेळणी शोभत नाहीत."

मग टेस्टचा दिवस आला. गाडी मास्तरांचीच. पण डावीकडे बसले इन्स्पेक्टर आणि मास्तर मागच्या सीटवर. इन्स्पेक्टरांनी मांडीवर फाईल ठेवली, पाय मागे ओढून घेतले आणि म्हणाले, "निघा."

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चावी. पुन्हा उडी. तिसऱ्या उडीला फाईल खाली पडली.

"बाई, क्लच कोण सोडणार? मी?"

मी मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. महिनाभर क्लच मास्तरांनी दाबला होता, ब्रेक मास्तरांनी मारला होता. मी फक्त चाक धरून हवा खात होते. तो मऊ हात म्हणजे मास्तरांचे पाय.

नापास. आठवड्याने पुन्हा या म्हणाले. दसरा नऊ दिवसांवर.

घरी कोणाला तोंड दाखवायचं म्हणून थेट पार्लरमध्ये गेले. त्या दिवशी खोकं मला फार प्रामाणिक वाटलं. निदान तिथे आपटले ती मी होते. वाचले तेव्हाही मीच होते.

अर्ध्या तासाने काळा पडदा बाजूला झाला आणि काठी टेकत सासरे आत आले. लेकीने पत्ता दिला होता.

"काय गो, नापास झालंस?"

"हो बाबा."

"मगे हय काय करतंस?"

मी उठून जागा दिली. म्हटलं, "तुम्हीच बसून बघा. यात क्लच नाही."

बसले. डावा पाय लांब करून, टोपी नीट करून. चाळीस वर्षांत एक ओरखडा न काढलेला माणूस. त्यांनी हात बाहेर काढून सिग्नल द्यायचा तेवढा बाकी ठेवला. प्रत्येक वळणाला ब्रेक, ट्रकला वाट, माडाखालून सावकाश. पहिलं नाकं यायच्या आधीच वेळ संपला. पुन्हा टोकन. पुन्हा तेच. पोरं माना खाली घालून हसत होती.

सासरे उठले आणि म्हणाले, "ह्या गाडयेत मागे कोण बसलेला नाय. म्हणान ती इतकी धावता."

मग काठी उचलून, "चल. ताडपत्री काढूया."

सात दिवस त्यांनी मला आवारात आणि मागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवायला लावली. त्यांच्या पायाशी काहीच नव्हतं, फक्त काठी. पहिल्या दिवशी गाडी चौदा वेळा बंद पडली. गॅलरीतून बायका बघत होत्या. बघू देत. क्लच सोडायला सासऱ्यांनी शिकवलं. पण "बॉनेटाक बघू नको, लांब बघ," हे त्यांना एकदाही सांगावं लागलं नाही. ते मला खोक्याने शिकवलं होतं. आणि आपटलो म्हणजे संपलो नाही, हेही त्यानेच.

दुसरी टेस्ट आमच्याच निळ्या गाडीवर दिली. इन्स्पेक्टरांनी यावेळी फाईल दोन्ही हातांनी धरली होती. पास.

दसऱ्याला चाकांखाली लिंबं ठेवून गाडीची पूजा चालली होती आणि भावजी झेंडूचा हार घेऊन आले. चावी न्यायला. मी त्यांच्या हातातून हार घेतला आणि बॉनेटवर घातला.

"बरं केलंत आणलात. जेवा, मग तुम्हाला घरी सोडते."

"वहिनी, मस्करी नको. मी ट्रेनने जाईन."

"बसा," सासरे मागच्या सीटवरून म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ते मागे बसले होते, साहेबाच्या जागी.

चारही लिंबं फुटली. बोरीवलीपासून चेंबूरपर्यंत भावजी प्रत्येक वळणाला उजवा पाय जमिनीवर दाबत होते.

"भावजी," मी म्हटलं, "तिथे काही नाही."

परत येताना हायवेवर मोकळा रस्ता मिळाला. माझा पाय आपोआप खाली जायला लागला. मागून शांत आवाज आला, "माणूस बसलेला आसा."

पाय उचलला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्लरमध्ये जाऊन ब्रेकला न शिवता अर्धा समुद्रकिनारा उडवला. लायसन पर्समध्ये होतं. शेजारणी म्हणाल्या, आता लायसन मिळाल्यावर हे शोभतं का? शोभावं म्हणून मी गेलेच नव्हते.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आता नीट चालव." मी पुन्हा बसले. वळण आलं.

"आजी, ब्रेक."

"मागे कोणी बसलंय का?"