पहिल्या पानावरचं नाव
नातीच्या खोडरबराचा वास नाकात गेला की मला औरंगपुऱ्यातलं ते वाचनालय आठवतं. शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस असायचं आणि मी तिथं पोहोचेपर्यंत नवी रहस्यकथा लासूर स्टेशन गावच्या एका निवृत्त शिक्षिकेनं सकाळच्या गाडीनं येऊन नेलेली असायची. "त्या बाई लई लांबून येत्यात, तुम्ही काय, गल्लीतल्याच," असं म्हणत ग्रंथपाल ती त्यांच्यासाठीच काढून ठेवायचे. रविवारी चहा आणि भाजलेल्या शेंगा घेऊन मी बाईंनी आधी वाचून परत केलेलं पुस्तक उघडायची आणि मनातून जळायची. एका शनिवारी बाई आल्याच नाहीत. कोरं पुस्तक मला मिळालं. वाचून झाल्यावर मी पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहिलं आणि ते बाईंनाच मिळावं म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच परत केलं. बाईंनी ते दुसऱ्या दिवशी नेलं. पुढच्या शनिवारी बाई ते पुस्तक घेऊन माझ्यासाठी दुपारपर्यंत थांबल्या होत्या. "ताई, कुणीतरी ह्यात खुन्याचं नाव लिहून ठेवलं व्हतं. माझी मजा गेली, माझ्यानंतर तुम्हीच वाचता, तुमची तरी जायला नको म्हणून खोडलं बघा," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. ग्रंथपालांनी देवघेवीची वही उघडली, बाईंच्या नावाच्या वर असलेलं माझं नाव पाहिलं, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि बाईंच्या खाली माझं नाव पुन्हा लिहिलं. तो रविवार मी पुस्तक न उघडताच काढला. बाईंनी ती वही आधी पाहिली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.