यादोरावांचा बेस

जन्मभर दुसऱ्यांच्या कानाशी भोंगे लावले आणि शेवटी स्वतःचेच कान गेले, हे कोंढ्याचे यादोराव स्वतःच हसत सांगत. लग्न असो, बारसं असो की चौदा एप्रिल, कडुनिंबावर भोंगा चढवायचा तो यादोरावांनीच. कानांतून आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज गेले, मग सगळेच शब्द. उरलं ते फक्त जड, जमिनीतून येणारं. ट्रॅक्टर गेला की खाटेतून कळायचं. दुपारी अंगणात डोळे मिटून पडले की वैनगंगेच्या पाण्याखाली पडल्यासारखं वाटे, आणि ते त्यांना आवडतही असे, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या पाण्याखाली त्यांना एकच गोष्ट हवी होती, मालनबाई.

बाई जाऊन चार वर्षं झाली. फोटो होता, पण फोटोला आवाज नसतो. आवाज होता एका जुन्या कॅसेटवर, तोही चुकून आलेला. नवा माइक आणला तेव्हा यादोरावांनी तो घरातच, उखळाजवळ जमिनीवर ठेवून तपासला होता. "हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो," असं ते म्हणतात आणि मागे मालनबाई पोहे कांडते आहे. धप, धप. मग मुसळ थांबतं. ती विचारते, "माहा आवाज येते का जी त्याच्यात?" यादोराव खेकसतात, "चूप राय ना! टेप चालू हाये." क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा धप, धप.

मुलगा प्रफुल्ल पवनीत गाड्यांना साउंड बसवतो. त्याने कॅसेट पेन ड्राइव्हवर घेतली आणि आपल्या व्हॅनमध्ये लावली. साध्या स्पीकरवर यादोरावांना काहीच कळलं नाही. मग त्याने डिक्कीत एक सबवूफर जोडला, नुसता बेस, म्हणजे खालचा, जड आवाज देणारा. तेव्हा सीटमधून काहीतरी आलं, अगदी पुसट. मुसळ होतं की रस्त्यावरचा ट्रक, यादोरावांना सांगता येईना. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं पाहून प्रफुल्लने तसाच दुसरा सबवूफर आणला. "जेवून आलो का जोडतो," असं खुणेनं सांगून तो आत गेला.

पण अर्धं आयुष्य तारा जोडण्यात घालवलेल्या माणसाला दोन सुट्या तारा समोर दिसल्यावर धीर कुठला? मंडपात दहा भोंगे असले तरी रीत एकच, लाल तार लालला, काळी काळीला, सगळे एकाच लाइनवर. यादोरावांनी हात धुतले, तारा सोलल्या आणि त्याच रीतीने दोन्ही सबवूफर जोडून आवाज वाढवला. पाठीवर एक दणका आला. यादोरावांचा जीव हरखला. दुसरा आला, तिसरा आला, आणि मग काहीच नाही. अॅम्प्लिफायरवर लाल दिवा लागला होता. त्यांनी हात ठेवला तर चटका बसला.

प्रफुल्ल उष्ट्या हातानेच धावत आला. त्याने बॅटरीची तार काढली.

"कायले हात लावला, बाबा?" तो कानाशी ओरडला.

शब्द पोचले नाहीत, चेहरा पोचला. "मंडपात असाच जोडत होतो मी," यादोराव म्हणाले. "जळला का?"

प्रफुल्लने खांदे उडवले. अॅम्प्लिफायर थंड होईस्तोवर काही सांगता येणार नव्हतं. दोन्ही सबवूफर चार-चार ओमचे. यादोरावांच्या रीतीने जोडले की दोघांचा मिळून अडथळा दोनच ओम उरतो, आणि हा अॅम्प्लिफायर चारच्या खाली चालवायचाच नव्हता. भोंग्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो म्हणून मंडपात ते खपून जायचं. हे सगळं बहिऱ्या बापाला सांगायचं कसं? प्रफुल्ल खाली बसला. मातीत बोटाने एक पाट काढला, त्याला लागून दोन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, काढल्या आणि पाटाच्या दोन्ही तोंडांवर बोट मारून पाट फुटल्याचं दाखवलं. मग ते पुसून पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत नेलं.

भोंग्यांसोबत घरची धानाची शेतीही केलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं! यादोरावांनी मान हलवली आणि स्वतःच तार काढली. अॅम्प्लिफायरपासून पहिल्या सबवूफरला, पहिल्याच्या काळीतून दुसऱ्याच्या लालला, आणि दुसऱ्याच्या काळीतून परत. मीटर लावल्यावर सातच्या जवळ काटा आला; मीटर जरा कमीच दाखवतं, म्हणजे आठ ओमचं काम. प्रफुल्लने अॅम्प्लिफायरला टेकलेलं पोतं काढून त्याला वारा मोकळा केला. एकाचा येत होता तेवढाच आवाज येईल, जास्त नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने दोन्ही खोके डिक्कीतून काढून मागच्या सीटवर ठेवले, मधे बाबांना बसवलं, बॅटरीची तार पुन्हा जोडली आणि दार ओढून घेतलं.

ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं. यादोरावांनी दोन्ही तळहात खोक्यांवर टेकवले आणि डोळे मिटले. अॅम्प्लिफायर जळला असेल तर हे स्वप्नही गेलं, असं वाटून त्यांना रडू यायला लागलं.

धप.

डावीकडून, उजवीकडून, छातीतून. धप, धप. ट्रक नव्हता. तिचा हात जरा ढिला पडायचा, दर तिसऱ्या घावाला, तोच हात. अंगणात पोह्यांचा वास सुटला, तिच्या बांगड्या वर सरकल्या, यादोराव तिथेच बसले होते, अगदी जवळ.

मग मुसळ थांबलं.

पुढे बसलेल्या प्रफुल्लला आईचा आवाज साध्या स्पीकरमधून ऐकू आला. मागे यादोरावांना एकही शब्द ऐकू आला नाही. पण ती का थांबली, हे त्यांना माहीत होतं.

"येते," ते मोठ्याने म्हणाले. "येते वं मालन, चांगला येते."

आणि मुसळ पुन्हा सुरू झालं.