बुधवारचे गेस्ट

लोणावळ्यात मी ज्या बंगल्यावर असते तो भाड्याने द्यायलाच बांधलेला आहे. शेठ मुंबईला राहतात. शनिवार-रविवारी गेस्ट येतात, गाणी लावतात, गाद्या ओढून अंगणात आणतात आणि सोमवारी सकाळी निघून जातात. मग मी आवरते. मंगळवारपासून आवरायलाही काही उरत नाही. मागच्या बाजूला माझी खोली आहे. नवरा होता तोवर आम्ही दोघं राहायचो, आता मी एकटी. चार दिवस तोंड मिटलेलंच असतं. शुक्रवारी भाजीवाला हाक मारतो तेव्हा माझा आवाज मलाच घोगरा वाटतो.

दिवाळीनंतर शेठचा फोन आला.

"बंगला विकायला काढलाय. बुधवारी पुण्याची पार्टी येतेय बघायला. तेही भाड्यासाठीच घेतायत. मधल्या वारी भरतो का, हेच विचारतील. भरलेलाच असतो म्हणायचं. आणि त्या दिवशी गेस्ट उतरलेत असं दिसलं पाहिजे."

"आणि नाही घेतला तर?" एवढं विचारायलाही मला धीर गोळा करावा लागला.

"मग कुलूप. रिकाम्या घरावर माणूस कशाला ठेवू? विकला गेला तर तुझ्यासाठी शब्द टाकतो."

शेजारच्या बंगल्यावर काम करणारी बाई माझ्यापेक्षा लहान, पण धीट. बुधवारी सकाळी मी कठड्यावर टॉवेल घालताना ती बघत होती.

"मावशी, नुसत्या टावेलानं कुटं गेस्ट दिसत्यात व्हय? लेकरू पायजे." ती घरी जाऊन तिच्या मुलीचा पिवळा फ्रॉक घेऊन आली आणि ओला करून दोरीवर घातला. मी चहाचे कप मांडले तर म्हणाली, "धुतल्यालं कप? गेस्टनी कदी कप धुतल्यात का? चहा वत त्यात थोडा. आन् गादीवर लोळ जरा."

"मी न्हाई बाई. शेठची गादी."

"मग गेस्ट काय भुतं हाईत?" आणि तिनंच गादीवर दोनदा लोळण घेतली.

ती गेल्यावर मी तिथंच बसले. दाराशी चपला, टेबलावर कप, बाथरूममध्ये ओला साबण. खरंच कोणी आत्ता फिरायला गेलंय असं वाटत होतं. ऊन सरकलं तसं मी उठून फ्रॉक दोरीवर उलटा करून घातला. दुसऱ्या अंगाने वाळावा म्हणून. मग आठवलं की तो तसाच ओला राहायला हवा होता.

दुपारी पार्टी आली. नवरा-बायको, चाळिशीतले. नवरा पाण्याची टाकी बघायला वर गेला. बाई माझ्यापाशी थांबल्या.

"मधल्या वारीही गेस्ट असतात?"

"असतात."

"आत्ता कोण आहे?"

"फॅमिली. खंडाळ्याला गेलेत फिरायला."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांचं लक्ष फ्रॉककडे गेलं. "मुलगी आहे वाटतं सोबत?" त्यांनी इतक्या मायेने विचारलं की माझ्या तोंडून आपोआप येत गेलं. मुलगी पाच वर्षांची आहे. भात साखर घातल्याशिवाय खात नाही. सकाळी माझ्यामागे मागे फिरते, माझ्यासारखा कमरेला फ्रॉक खोचते, झाडू मागते. रात्री आईपाशी झोपायचं सोडून माझ्या खोलीत येऊन बसते आणि घरी चल म्हणून मलाच ओढते. मी बोलत होते आणि मला ती दिसत होती.

नवरा खाली आला तेव्हा बाई खुर्चीत बसल्या होत्या.

"आपण थांबू या," त्या म्हणाल्या. "त्या फॅमिलीशी बोलू. जागा कशी वाटली ते राहणाऱ्यांकडूनच कळेल. आणि मला त्या मुलीला बघायचंय."

मी चहा ठेवला. साखर दोनदा पडली. त्यांनी चहा घेतला, वाटेत घेतलेला चिक्कीचा डबा उघडला, एक वडी मुलीसाठी बाजूला काढून ठेवली. मोटारीचा आवाज आला की बाई फाटकाकडे बघायच्या. माझीही मान वळायची. ऊन कलंडलं. नवऱ्याने दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं आणि विचारलं, "फोन नंबर आहे का त्यांचा?"

"कोणी येणार नाही," मी म्हणाले. "कोणी उतरलेलंच नाही. सोमवार ते गुरुवार इथं कोणी नसतं."

नवरा हसला. "तरीच. टाकी काठोकाठ भरलेली होती, कोणी पाणी वापरल्यासारखं दिसत नव्हतं." तो गाडीकडे गेला. बाई मात्र उठल्या नाहीत.

"आणि मुलगी?"

मुलीसाठी काढलेली वडी मी परत डब्यात ठेवली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, मग पर्स उचलली. चिक्कीचा डबा तिथंच राहू दिला.

शेठचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "तुला नुसतं हो म्हणायला सांगितलं होतं. गोष्टी कुणी सांगायला सांगितल्या?" महिनाअखेर किल्ल्या शेजारी द्यायच्या, असं ठरलं. मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

माझा भाऊ इथून जवळच, इंदुरी गावात असतो. त्याच्याकडे जायला मी इतकी वर्षं संकोच केला. रविवारी गेस्टचा स्वयंपाक उरकून भावजयीला फोन लावला.

"या की वन्सं," ती म्हणाली. "पर जागा न्हाई वं. पोरांच्या खोलीत निजावं लागंल. टीवी बंद करत न्हाईत मेली. आन् एक जण झोपंत लाथा मारतंय, आदीच सांगून ठेवते."

"कोन मारतंय?" मी विचारलं. "थोरलं का धाकलं?"