तेरा इंची गड्डा

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळे टेपवाली म्हणतात. मापाची टेप सकाळी एकदा गळ्यात पडली की रात्रीपर्यंत तिथेच. एकदा त्या बँकेतसुद्धा तशाच गेल्या होत्या. त्यांचे यजमान बस कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, बोलणंही बरंचसं सुधारलं, गिळणं मात्र अवघडच राहिलं. द्यायचं ते मऊ कुस्करून. त्यात साखरेचा आजार, म्हणून त्यांचा लाडका बटाटा डॉक्टरांनी जवळजवळ बंदच केला. बाकीच्या भाज्यांचा लगदा समोर आला की ते विचारायचे, "हे मी खायचं, की भिंतीला लावायचं?"

ते किती वाळत चाललेत हे कळायला टेपवालींना वजनकाटा लागत नव्हता. वर्षभरात त्यांनी नवऱ्याच्या पँटी तीनदा कमरेत आत घेतल्या. छत्तीसचे तेहेतीस झाले. तिसऱ्या वेळी मला म्हणाल्या, "ताई, आता आणखी कुठे घेऊ? मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला आलेत." हसत म्हणाल्या, पण सुई हातात तशीच राहिली होती.

मग एकदा भाजीवाल्याकडे सेलेरिॲकचा गड्डा मिळाला. हा सूपमध्ये घालतात त्या सेलरीच्याच जातीचा, वासही तोच, पण खायचा तो खालचा गड्डा. बाहेरून मातकट, खडबडीत, मुळांची दाढी वाढलेला, आतून पांढरा. उकडून घोटला की बटाट्यासारखा मऊ, आणि डॉक्टरांची हरकत नाही. कंडक्टरांनी वाटी बोटाने पुसून खाल्ली. भाजीवाल्याने मात्र तो पुन्हा आणलाच नाही. दोन महिने विचारून टेपवाली थकल्या आणि बियांची पुडी घेऊन आल्या.

मागच्या अंगणात त्यांच्या वाट्याला दोन पलंग मावतील एवढीच जमीन आहे. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला त्यांनी खिडकीतल्या ट्रेमध्ये बी पेरलं. खडूच्या भुकटीइतकं बारीक बी, वर माती घालायची नाही, नुसतं दाबायचं. एकोणिसाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. रोपं वीतभर झाल्यावर मे महिन्यात त्यातली अकरा बाहेर लावली. या झाडाला माती सुकलेली चालत नाही. पाऊस नसेल त्या दिवशी टेपवाली मशीनवर बसण्याआधी सहा बादल्या पाणी घालायच्या, कंबर धरून.

ऑगस्टपासून दर शनिवारी वरची माती जराशी सारून गड्ड्यांचा घेर मोजायचा. टेप त्या धरायच्या, आकडे मी माझ्या डायरीत लिहायचे. "माझ्या वहीत गिऱ्हाइकांची मापं आहेत," त्या म्हणाल्या, "त्यात याला बसवलं तर कुणाचा तरी ब्लाऊज बिघडायचा."

सहा इंच, साडेसहा, सात. मग सात. पुन्हा सात. तिसऱ्या शनिवारीही सातच. फक्त नळाजवळचं कोपऱ्यातलं झाड साडेनऊवर गेलं होतं.

मी म्हटलं, "खत कमी पडलं असेल."

"खत सगळ्यांना सारखंच दिलंय." त्या वाकून बघत राहिल्या. कोपऱ्यातल्या झाडाची माती नळाच्या गळतीने वाहून गेली होती आणि गड्डा अर्धा उघडा पडला होता. बाकीच्या दहांना त्यांनी स्वतःच्या हाताने मातीची भर घातली होती. बटाट्याला घालतात तशी, आणि आठवड्याला थोडी थोडी जास्तच. उघडं दिसलं की झाकायचं, हा हातांचा जन्माचा सराव. त्यांनी एका गड्ड्याभोवतीची माती बोटांनी पुरती काढली. त्याला वरपर्यंत मुळं फुटली होती. सगळा जोर तिकडे गेलेला.

"दहाच्या दहा उसवायचे," त्या म्हणाल्या.

"अहो, दीड महिन्याची मेहनत!"

"बाही उलटी लागली तर गिऱ्हाइकाला हात वाकडा करायला सांगू का, ताई?"

आणि लगेच बसल्या. प्रत्येक गड्ड्याचा माथा मोकळा केला, खालची लोळणारी पानं काढली, वरच्या बाजूची मुळं धागे कापायच्या छोट्या कात्रीने कापली. चार तास लागले. मी इतक्या वर्षांत पुष्कळ माणसं पाहिली, पण स्वतःची चूक इतकी बिनतक्रार उसवणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. कपाळाला हात नाही, नशिबाला दोष नाही.

पुढच्या शनिवारी साडेसात. मग आठ. नोव्हेंबरच्या शेवटी नऊ गड्डे काढण्याजोगे झाले. सर्वांत मोठा तेरा इंच. उरलेले दोन मुठीएवढेच राहिले.

पहिला गड्डा घोटला त्या दिवशी मी तिथेच होते. कंडक्टरांनी एक चमचा तोंडात घेतला, हळूहळू गिळला. टेपवाली ओट्याकडे तोंड करून उगाच भांडं पुसत होत्या.

"मीठ कमी आहे," कंडक्टर म्हणाले.

"बरं."

"आणि वाटी लहान आहे."

गड्डे वाळूत ठेवून, एक दिवसाआड, दीड महिना पुरवले. त्यात मिसळून इतर भाज्याही पोटात जाऊ लागल्या. नवीन वर्षात मी खाली गेले, तेव्हा टेपवाली खाकी पँट मांडीवर घेऊन मागची शिलाई उसवत होत्या.

आतून कंडक्टरांचा आवाज आला, "अगं, अर्धा इंचच सोड! एवढा काही मी खात नाही."

"अर्धाच सोडतेय," त्या म्हणाल्या आणि तोंडातली टाचणी काढून, आणखी अर्ध्या इंचावर त्यांनी खडूची खूण केली.